मेश बारीक केला की भेगेच्या टोकाचा स्ट्रेस वाढतच जातो. अहवालात कोणता आकडा लिहावा?

महापे_डिझाइन (प्रश्न)

नमस्कार. मी महापे एमआयडीसीतील एका लहान कारखान्यात डिझाइनचे काम पाहतो. आमच्याकडे पत्र्याचे भाग दाबून घडवणारी ४० टनी हायड्रॉलिक प्रेस आहे. तिचे वरचे आणि खालचे बीम चार उभ्या ताणपट्ट्यांनी एकमेकांना धरून ठेवलेले आहेत. प्रत्येक पट्टी १०० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड असून आयएस २०६२ या भारतीय मानकातील ई२५० प्रतीच्या पोलादाची आहे. प्रेस पूर्ण दाब देते तेव्हा प्रत्येक पट्टीत सुमारे ८० मेगापास्कल ताण येतो आणि रॅम वर गेला की तो शून्यावर येतो. दिवसाला साधारण ६०० स्ट्रोक होतात.

गेल्या शुक्रवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी देखभाल चालू असताना, एका पट्टीच्या कडेला आडवी भेग आढळली. पूर्वी कधीतरी होज अडकवण्यासाठी त्या ठिकाणी एक छोटा ब्रॅकेट वेल्ड केलेला होता आणि भेग बरोबर त्या वेल्डच्या पायथ्यापासून निघालेली आहे. डाय पेनिट्रंट चाचणीत, म्हणजे भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाने, ती कडेपासून १० मिलिमीटर भरली आणि पट्टीच्या दोन्ही अंगांना दिसत असल्यामुळे ती आरपार आहे असे आम्ही धरले.

मी पट्टीचे फायनाइट एलिमेंट मॉडेल केले, म्हणजे संगणकात पट्टी लहान तुकड्यांच्या (एलिमेंटच्या) जाळीत, मेशमध्ये, विभागून तिच्यातला ताण, म्हणजे स्ट्रेस, काढला. भेगेच्या टोकापाशी एलिमेंटचा आकार २ मिलिमीटर ठेवला तेव्हा सर्वाधिक स्ट्रेस २३१ मेगापास्कल आला, म्हणजे २५० च्या यील्ड मर्यादेच्या (जिच्यापुढे पोलाद कायमचे ताणले जाते) आत. खात्री करावी म्हणून आकार १ मिलिमीटर केला, तर ३२६ आला. अर्ध्या मिलिमीटरला ४६२ आणि पाव मिलिमीटरला ६५२. आकडा कुठेतरी स्थिरावेल या आशेने मी दोन रात्री घालवल्या, परंतु तो स्थिरावत नाही. आमच्या वरिष्ठांचा साधा प्रश्न आहे की यांतील कोणता आकडा अहवालात लिहायचा, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

दुसरी अडचण याहून गंभीर वाटते. सॉफ्टवेअरमध्ये भेगेच्या टोकाभोवतीच्या स्ट्रेसची तीव्रता सांगणारा स्ट्रेस इंटेन्सिटी फॅक्टर, म्हणजे के, मागितला तेव्हा ५३१ हा आकडा मिळाला. अशा पोलादाची फ्रॅक्चर टफनेस, म्हणजे के ज्या मर्यादेला पोहोचला की पदार्थ तुटतो ती, काही तक्त्यांत ७० च्या आसपास, तर काहींत १०० च्या पुढे दिलेली आहे. ५३१ खरे असेल तर पट्टी केव्हाच तुटायला हवी होती, आणि प्रेस तर काल संध्याकाळपर्यंत चालत होती. नवी पट्टी कापून, भोके पाडून यायला तीन आठवडे लागतील. प्रेसच्या शेजारी दिवसभर दोन मुले माल लावत उभी असतात, म्हणून हा प्रश्न मला केवळ अहवालापुरता वाटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

कोपरखैरणे_मेश (उत्तर)

आधी दुसऱ्या अडचणीबद्दल सांगतो, कारण तिने तुमची झोप उडवली असणार. तुमचे मॉडेल मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल या एककांत आहे, त्यामुळे ५३१ हा आकडा मेगापास्कल गुणिले मिलिमीटरचे वर्गमूळ या एककात आहे. तक्त्यांतील ७० किंवा १०० हे आकडे मेगापास्कल गुणिले मीटरच्या वर्गमूळात असतात. एका मीटरमध्ये १००० मिलिमीटर, म्हणून दोन्ही एककांत १००० च्या वर्गमूळाचा, म्हणजे ३१.६ चा फरक पडतो. ५३१ ला ३१.६ ने भागा, १६.८ येईल. पट्टी तुटण्याच्या उंबरठ्यावर नाही. हा गोंधळ मी इतक्या लोकांचा होताना पाहिला आहे की के चा आकडा एककाशिवाय कधीही लिहू नये असा नियम आमच्याकडे आम्ही करून टाकला.

हा १६.८ बरोबर आहे का, हे कागदावर तपासता येते आणि तपासावेच. कडेला भेग असलेल्या आणि सरळ ओढल्या जाणाऱ्या पट्टीसाठी के म्हणजे एक गुणक, गुणिले दूरचा स्ट्रेस, गुणिले पाय आणि भेगेची लांबी यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. भेग अगदी लहान असेल तर तो गुणक १.१२ असतो. तुमची भेग रुंदीच्या एक दशांश आहे, त्यामुळे तो १.१८ होतो. ८० मेगापास्कल आणि ०.०१० मीटर घालून १६.८ च येते. म्हणजे तुमचे मॉडेल निदान या साध्या उदाहरणापुरते विश्वासार्ह आहे.

आता स्ट्रेसकडे येऊ. तुमचे चार आकडे एकापुढे एक मांडून भागाकार करा. ३२६ भागिले २३१ म्हणजे १.४१, ४६२ भागिले ३२६ म्हणजे १.४२, ६५२ भागिले ४६२ म्हणजे पुन्हा १.४१. एलिमेंट दर वेळी निम्मे झाले आणि स्ट्रेस दर वेळी दोनच्या वर्गमूळाच्या पटीत वाढला. भेगेच्या टोकापासून जितके जवळ जावे तितका स्ट्रेस अंतराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, असे रेषीय स्थितिस्थापकतेचे गणित सांगते, आणि तुमच्या संगणकाने दोन रात्री जागून तेच गणित अत्यंत प्रामाणिकपणे पुन्हा सिद्ध केले आहे. टोकाला अंतर शून्य, म्हणून स्ट्रेस अनंत. तिथे स्थिरावणारा आकडा अस्तित्वातच नाही, म्हणून मेश कितीही बारीक केला तरी तो सापडणार नाही. तुमच्या २ मिलिमीटरच्या मेशने दिलेला २३१ हा यील्डच्या आत बसणारा आकडा तर यांतला सर्वांत घातक म्हणावा लागेल, कारण तिथेच थांबला असता तर ‘सुरक्षित’ असा शेरा मारून अहवाल पुढे गेला असता.

या अडचणीशी माणसे फार पूर्वीपासून झुंजत आली आहेत. १९१३ साली इंग्लिस यांनी लंबवर्तुळाकार भोकाच्या टोकाशी स्ट्रेस किती वाढतो याचे सूत्र दिले. त्या सूत्रात टोकाची त्रिज्या शून्याकडे नेली की उत्तर अनंताकडे जाते, म्हणजे हिशेबाने कोणतीही अणकुचीदार भेग नुसत्या स्पर्शानेही पसरायला हवी. तसे होत नाही. १९२१ साली ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून विचारच दुसरीकडून सुरू केला. भेग थोडी पुढे सरकली तर पदार्थात साठलेली किती ऊर्जा मोकळी होते आणि नवा पृष्ठभाग निर्माण करायला किती लागते, यांचा ताळा त्यांनी मांडला. पुढे अर्विन यांनी १९५७ मध्ये दाखवले की टोकाभोवतीच्या स्ट्रेसचा आकार सर्व भेगांत एकसारखाच असतो आणि त्याची तीव्रता मात्र एकाच आकड्याने, के ने, ठरते. हा के ऊर्जेच्या हिशेबाशी थेट जोडलेला आहे. टोकावरचा स्ट्रेस मेशबरोबर पळत असतो, के पळत नाही. म्हणून अहवालात के लिहायचा, आणि मेशची कसोटीही के वरच लावायची.

के काढण्याचे अनेक मार्ग आहेत. टोकाजवळच्या नोडच्या (एलिमेंटवरील बिंदूच्या) विस्थापनावरून तो काढता येतो, पण माझा कल जे-इंटिग्रलकडे आहे. १९६८ मध्ये राइस यांनी मांडलेली ही कल्पना अशी की टोकाभोवती एक वळसा घ्यायचा, त्या वळशावरील स्ट्रेस, विकृती आणि विस्थापन यांपासून एक बेरीज करायची, आणि ती बेरीज वळसा लहान घेतला की मोठा यावर अवलंबून नसते. फायनाइट एलिमेंटसाठी हे वरदान आहे, कारण टोकाला चिकटलेल्या एलिमेंटमधील उत्तर सर्वांत अविश्वसनीय असते आणि वळसा थोडा दूर नेला की त्या अविश्वासापासून सुटका होते. पाच-सहा वळसे मागा. पहिला सोडून द्या. उरलेल्यांत एक टक्क्याहून जास्त फरक नसेल तर मेश पुरेसा आहे. वळशागणिक आकडा सरकत असेल तर मेश, लोड किंवा भेगेची दिशा यांपैकी कुठेतरी गफलत आहे.

टोकाभोवती मेश कसा असावा याबद्दलही सांगतो, कारण इथे थोडी युक्ती केली तर पाव मिलिमीटरपर्यंत जाण्याची गरजच उरत नाही. आठ नोडचे द्विघाती एलिमेंट घ्या, त्याची एक बाजू मिटवून टोकाच्या बिंदूत आणा, म्हणजे टोकाभोवती चाकाच्या आऱ्यांसारखी एलिमेंटची रचना होईल. त्यानंतर टोकाकडे जाणाऱ्या कडांवरचे मधले नोड मध्यावरून उचलून टोकापासून पाव अंतरावर ठेवा. एवढ्या सरकवण्याने त्या एलिमेंटमध्ये स्ट्रेसचा तोच वर्गमूळाचा व्यस्त आकार आपोआप उमटतो. १९७५-७६ च्या सुमारास हेन्शेल आणि शॉ यांनी, आणि स्वतंत्रपणे बारसूम यांनी, ही गोष्ट लक्षात आणून दिली. मला हा फायनाइट एलिमेंटमधील सर्वांत देखणा शोध वाटतो, कारण त्यासाठी नवे एलिमेंट लिहावे लागले नाही, जुन्याच एलिमेंटचा एक नोड सरकवला. जवळपास सर्व मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. परवान्याचा खर्च परवडत नसेल तर फ्रान्सच्या वीज कंपनीने मोफत उपलब्ध केलेल्या कोड-अॅस्टरमध्येही जी (भेग वाढताना मोकळी होणारी ऊर्जा) आणि के काढता येतात.

एक इशारा देऊन ठेवतो. भेगेच्या रेषेवर सममिती धरून तुम्ही अर्धेच मॉडेल केले असेल, तर सॉफ्टवेअरला तसे सांगावे लागते. नाही सांगितले तर जे निम्मा येतो आणि त्यावरून काढलेला के १.४१ पटीने कमी. हा दोष भयंकर आहे, कारण आकडा विश्वास बसण्याइतका जवळचा असतो.

वागळे_देखभाल (उत्तर)

मी वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षे यंत्रांची देखभाल केली आहे. गणित माझे क्षेत्र नाही, पण तुमच्या वर्णनातील दोन गोष्टींनी मला अस्वस्थ केले, म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट लांबीची. डाय पेनिट्रंट फक्त तेच दाखवते ज्यात द्रव शिरू शकतो. भेगेचे टोक अतिशय घट्ट मिटलेले असते, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, जुनी भेग गंजाने आणि प्रेसच्या तेलाने भरून जाते. मग द्रव शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतच नाही. पृष्ठभाग नीट साफ करून मॅग्नेटिक पार्टिकल चाचणी करा. पट्टी पोलादाची आहे, त्यामुळे ती चालेल. भेगेचे टोक जाडीच्या मध्यभागी पृष्ठभागापेक्षा पुढे गेलेले असू शकते, त्यासाठी अल्ट्रासोनिक चाचणीही करून घ्या. शक्य असेल तर प्रेसवर थोडा दाब ठेवून, भेग किंचित उघडी असताना, सर्वांना लांब उभे करून पाहणी करणारे एक पथक मी ओळखतो, पण ते काम अनुभवी माणसांनीच करावे.

दुसरी गोष्ट म्हणजे टोकाला भोक पाडून भेग थांबवण्याची आपल्याकडची पद्धत. तुम्हाला कोणीतरी हा सल्ला नक्की देईल, कदाचित आजच. मीही अनेकदा दिला आहे. टोक नेमके सापडले, भोक टोकाच्या थोडे पुढे पाडले आणि आतून गुळगुळीत घासले तर त्याने वेळ मिळतो. टोक भोकाच्या बाहेर राहिले तर काहीच मिळत नाही, उलट काम झाल्याच्या समाधानात सगळे गाफील होतात. ब्रॅकेट मात्र आजच्या आज कापून त्याचा पायथा ग्राइंड करा आणि उरलेल्या तिन्ही पट्ट्यांवर असे काही वेल्ड केलेले आहे का ते पाहा. ताणाखालच्या पट्टीला कोणी काही चिकटवू नये, हे मी प्रत्येक नव्या फिटरला पहिल्याच दिवशी सांगत असे.

कोपरखैरणे_मेश (उत्तर)

वागळे_देखभाल यांनी लांबीचा मुद्दा काढला ते फार बरे केले. माझ्या उत्तरात तो सुटला होता आणि खरे तर तोच पहिला हवा होता.

भोकाबद्दल एक भर घालतो. भोक पाडल्यावर टोकाला निश्चित त्रिज्या मिळते, म्हणून तिथे स्ट्रेसला खरोखरच स्थिरावणारा आकडा असतो आणि मेश बारीक करण्याला पुन्हा अर्थ येतो. ८ मिलिमीटरचे भोक, म्हणजे त्रिज्या ४, आणि भेगेसह एकूण खोली सुमारे १४ मिलिमीटर धरली, तर इंग्लिस यांच्या सूत्राने स्ट्रेस साधारण पावणेपाच पट होतो. ८० चे ३८० च्या आसपास. म्हणजे भोकाची कड प्रत्येक स्ट्रोकला यील्डच्या पुढे जाईल आणि काही काळाने तिथून नवी भेग निघेल. तात्पुरता उपाय याचा अर्थ इथे शब्दशः घ्यावा.

आता प्रश्नकर्त्याला मूळ काळजीकडे नेतो. १६.८ हा के आणि पोलादाची टफनेस यांत बरेच अंतर आहे. ई२५० च्या ए या उपप्रतीला आघात-चाचणी बंधनकारक नसते, त्यामुळे तुमच्या पट्टीचे प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय कोणतीही टफनेस गृहीत धरू नये. चार्पी या आघात-चाचणीत निदान २७ जूल मिळत असतील, तर भेगांच्या मूल्यमापनाच्या बीएस ७९१० या ब्रिटिश मानकातील सावध सूत्राने या जाडीला टफनेस सुमारे ७० येते. तरीही एका झटक्यात तुटण्याची भीती आज कमी आहे. भीती आहे ती फटीगची, म्हणजे वारंवारच्या चढउताराने भेग हळूहळू वाढण्याची, कारण तुमचा ताण प्रत्येक स्ट्रोकला शून्यापासून ८० पर्यंत जाऊन परत येतो.

पॅरिस यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी मांडलेल्या नियमानुसार एका आवर्तनात भेग किती सरकते हे के च्या चढउतारावर ठरते. फेराइट-पर्लाइट पोलादासाठी प्रचलित सावध गुणक घेतले, म्हणजे के चा तिसरा घात गुणिले ६.९, आणि त्याला दहाच्या बाराव्या घाताने भागून मीटरमध्ये उत्तर, तर तुमची १० मिलिमीटरची भेग १ मिलिमीटर वाढायला सुमारे ३०,६०० स्ट्रोक लागतात. दिवसाला ६०० प्रमाणे ५१ दिवस. भेग २० मिलिमीटरची झाली की के २७.५ वर जातो आणि त्याच एका मिलिमीटरला सुमारे ७,००० स्ट्रोक पुरतात, म्हणजे १२ दिवसही नाहीत. १० पासून २० पर्यंतचा सगळा प्रवास साधारण दीड लाख स्ट्रोकचा. लांबी दुप्पट, वेग चौपटीहून जास्त. भेगेच्या बाबतीत आजवरचा संथपणा पुढच्या संथपणाची हमी देत नाही, असे मी म्हणतो ते या आकड्यांमुळे.

या हिशेबाच्या दोन मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. टोकापाशी पोलाद यील्ड होते आणि तो पट्टा, स्ट्रेसची स्थिती प्लेन स्ट्रेस (जाडीच्या दिशेने स्ट्रेस नाही अशी) धरली तर, सुमारे दीड मिलिमीटरचा भरतो. १० मिलिमीटरच्या भेगेपुढे हे नगण्य नाही. टफनेसच्या चाचण्यांत नमुन्याच्या आकारासाठी जी अट वापरतात, म्हणजे के भागिले यील्ड याच्या वर्गाच्या अडीच पट, ती इथे अंदाजासाठी लावली तर ११.३ मिलिमीटर येते. तुमची भेग त्याहून जराशी लहान आहे. म्हणून एकदा पोलादाचा खरा स्ट्रेस-स्ट्रेन आलेख घालून जे पुन्हा काढा. दुसरी मर्यादा वेल्डची. वेल्ड थंड होताना मागे राहिलेला अंतर्गत ताण यील्डच्या जवळपास असू शकतो आणि तुमच्या मॉडेलला तो ठाऊक नाही. चढउतार त्याने बदलत नाही, पण भेग कायम उघडी राहते आणि वाढ जलद होते. आणखी पुढे गेल्यावर उरलेली रुंदीच ताण पेलू न शकल्याने पट्टी यील्ड होऊन जाईल, म्हणून बीएस ७९१० किंवा त्याच कामाच्या एपीआय ५७९ या अमेरिकी मानकामध्ये तुटणे आणि यील्ड होणे या दोन्ही धोक्यांचा एकत्रित आलेख असतो, त्यावर तुमचा बिंदू मांडा.

महापे_डिझाइन (प्रश्नकर्ता)

आपणा दोघांचे मनापासून आभार. ब्रॅकेट काढला. बाकीच्या तीन पट्ट्यांवर वेल्ड नाही. प्रेस बंद ठेवली आहे आणि आकड्यांसह कारण सांगता आल्यामुळे वरिष्ठांनीही हरकत घेतली नाही.

पाव अंतरावरच्या नोडचा मेश केला. एलिमेंट १ मिलिमीटरचेच ठेवले, तरी दुसऱ्या वळशापासून पुढे जे १.२८ न्यूटन प्रति मिलिमीटरवर स्थिर आहे, तिसऱ्या दशांशातच काय तो फरक. आयुष्यात पहिल्यांदा या भेगेचा एखादा आकडा जागेवर उभा राहिलेला पाहिला. परंतु त्याला २,००,००० मेगापास्कलने गुणून वर्गमूळ काढले तर के ५०६ येतो, ५३१ नाही. मॉडेल पूर्ण आहे, अर्धे नाही. हा पाच टक्क्यांचा फरक कुठून आला?

कोपरखैरणे_मेश (उत्तर)

तुमचे एलिमेंट प्लेन स्ट्रेनचे (जाडीच्या दिशेने विकृती नाही असे धरणारे) असणार. त्या स्थितीत जे वरून के काढताना यंग मॉड्युलसला १ वजा पॉयसन गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे ०.९१ ने, भागावे लागते. १.२८ गुणिले २,००,००० भागिले ०.९१, त्याचे वर्गमूळ ५३०. फरक मिटला.

प्रत्यक्षात १२ मिलिमीटरच्या पट्टीत मधला भाग प्लेन स्ट्रेनकडे झुकलेला आणि दोन्ही पृष्ठभाग प्लेन स्ट्रेसकडे असतात. वेळ असेल तर त्रिमितीय मॉडेल करून जाडीभर जे कसा बदलतो ते पाहा. मात्र त्याआधी एक अधिक महत्त्वाचे काम आहे. तुमच्या साध्या मॉडेलमध्ये पट्टीची टोके मोकळी आहेत, त्यामुळे भेग एका कडेला असल्याने पट्टी वाकू शकते. प्रेसमध्ये ती दोन्ही बीमना घट्ट जखडलेली आहे आणि हे वाकणे अडवले जाते. भेग लहान असताना याने के थोडाच कमी होतो, मोठी झाल्यावर फरक बराच पडतो. उलट, डाय मध्यभागी बसवलेला नसेल तर एका बाजूच्या पट्ट्यांवर ८० पेक्षा जास्त ताण येत असेल. दोन स्ट्रेन गेज (पृष्ठभागाची सूक्ष्म लांबीवाढ टिपणारी साधने) चिकटवून तो मोजणे हे दहा मॉडेलपेक्षा मोलाचे आहे.

घोडबंदर_स्ट्रक्चरल (प्रश्नातून प्रश्न)

विषय जुळतो म्हणून विचारतो. मी ठाण्यात इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करतो. काँक्रीटच्या बीममधील तड्यांसाठी हाच के वापरता येईल का?

कोपरखैरणे_मेश (उत्तर)

नेहमीच्या आकाराच्या बीमसाठी नाही. पोलादात टोकापुढचा यील्ड झालेला पट्टा दीड मिलिमीटरचा होता, तर काँक्रीटमध्ये खडी आणि सिमेंट यांच्या बारीक तुटींचा पट्टा खूप लांब पसरतो आणि तड्याच्या दोन्ही बाजू खडीने एकमेकींना काही काळ धरून ठेवतात. १९७६ मध्ये हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी ही पकड तडा उघडत जाईल तशी कमी होत जाते असे धरून मॉडेल दिले, आणि आज ज्याला कोहेसिव्ह झोन म्हणतात ती पद्धत त्याच वाटेवरची. स्मिअर्ड पद्धत (तडा वेगळा न दाखवता एलिमेंटभर पसरलेला धरणारी) वापरणार असाल तर बझांट आणि ओ यांच्या १९८३ च्या क्रॅक बँड कल्पनेप्रमाणे एलिमेंटच्या आकारानुसार पदार्थाचा आलेख बदलावा लागतो, नाहीतर मेश बारीक केला की तुटण्यासाठी लागणारी ऊर्जाच कमी होत जाते. थोडक्यात तुमच्याकडेही मेश फसवतो, फक्त उलट्या दिशेने. यावर स्वतंत्र धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

महापे_डिझाइन (प्रश्नकर्ता)

आज मॅग्नेटिक पार्टिकल आणि अल्ट्रासोनिक, दोन्ही चाचण्या झाल्या. वागळे_देखभाल यांची शंका खरी ठरली. भेग १० मिलिमीटरची नसून १४ मिलिमीटरची आहे, शेवटच्या चार मिलिमीटरमध्ये गंज गच्च भरलेला होता.

नवी लांबी घालून साध्या मॉडेलने के २०.९ मेगापास्कल √मीटर आला आणि कागदावरच्या सूत्रानेही तोच. पॅरिसच्या नियमाने १ मिलिमीटर वाढीला आता सुमारे १५,८०० स्ट्रोक, म्हणजे ५१ दिवसांऐवजी २६. मेशच्या शेवटच्या टक्क्यासाठी मी दोन रात्री जागलो आणि मोजमापातल्या चार मिलिमीटरने वाढीचा वेग जवळजवळ दुप्पट केला. टोके जखडलेले मॉडेल केले तेव्हा के काही टक्क्यांनी उतरला. अहवालात मात्र मी मोठाच आकडा ठेवला आहे.

प्रमाणपत्र शोधले, पट्टी ए उपप्रतीची निघाली, आघात-चाचणीची नोंद नाही. त्यामुळे टफनेससाठी कोणताही आकडा न लिहिता, चाचणी झाल्याशिवाय ती गृहीत धरू नये असे लिहिले. भोक पाडण्याचा प्रस्ताव आला होता, तो ३८० मेगापास्कलचा आकडा दाखवल्यावर मागे घेतला गेला. नव्या चारही पट्ट्या बी-शून्य उपप्रतीच्या मागवल्या आहेत आणि त्या येईपर्यंतचे काम रबाळ्याच्या एका वर्कशॉपकडे दिले आहे. काढलेली पट्टी भंगारात न देता भेगेपाशी तोडून तिचा पृष्ठभाग पाहायचा आहे. त्यावर वाढीच्या रेषा मोजता आल्या तर माझा हिशेब किती जवळ होता ते कळेल, आणि ते आकडे इथेच नोंदवीन.

वागळे_देखभाल (उत्तर)

तोडण्यापूर्वी भेगेच्या बाजूला तेल लावून ठेवा आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर घासू देऊ नका, रेषा पुसल्या जातात. नव्या पट्ट्या बसवल्यावर त्यांवर ‘येथे वेल्ड करू नये’ असे रंगाने लिहून घ्या.